कच्च्या टाक्याची बाही

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या बाहीवर आजवर दोन पुस्तकं निघाली आहेत. त्यातलं एक मी वाचलं. पहिल्या मोठ्या कार्यक्रमात त्याने स्वतःच्या जाकिटाची बाही का फाडली, या एका प्रश्नाला लेखकाने अठरा पानं दिली आहेत. व्यवस्थेविरुद्धचा संताप आहे, बापाच्या पिढीशी तोडलेलं नातं आहे, आणखी पुष्कळ काय काय आहे. माणसाने मेहनत फार केली आहे, त्यामुळे मला वाईटच वाटलं. कारण ती बाही फाडलेली नव्हती. ती उसवली होती. आणि उसवली, कारण तिला मी नुसता कच्चा धावदोरा घातला होता.

भावाला जग ‘एकबाह्या’ म्हणून ओळखतं. घरात तो गुंड्या. तीन वर्षांचा असताना आईच्या डब्यातली शर्टाची गुंडी त्याने गिळली होती आणि दोन दिवस सगळं घर तिची वाट बघत बसलं होतं, तेव्हापासून. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. शिवणकाम हा माझा धंदा. तळमजल्यावरच्या खोलीत दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, रिळांची फळी आणि कोपऱ्यात देवाजवळचा दिवा.

त्या दिव्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आई फार आजारी होती त्या वर्षी मी एक नेम घेतला. संध्याकाळी दिवा लावला की अर्धा तास हातात सुई-कात्री धरायची नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. पुढे त्याला दुसरा नेम जोडला, की कोणावर आवाज चढवायचा नाही. आई बरी झाली, नेम राहिले. पहिला सोपा आहे. दुसऱ्याने मात्र माझा जीव काढला. ज्या घरात गुंड्यासारखा भाऊ आणि त्याच्या मॅनेजरसारखा माणूस आहे, तिथे आवाज न चढवता जगणं म्हणजे काय, ते माझ्या दातांना विचारा.

तर तो दिवस. गुंड्या बावीस वर्षांचा. एका कॉलेजच्या सभागृहात त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता आणि त्याला अंगात घालायला काही नव्हतं. आमचे वडील बंदरावर क्रेन चालवायचे. त्यांचा जाड कॅनव्हासचा जुना कामाचा कोट मी उसवून त्याच्या मापाचं जाकीट बेतलं. गळपट्टी झाली, अस्तर झालं, डावी बाही दुहेरी टीप मारून पक्की बसली. उजवी बाही मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या गोलाईला, लावून धावदोरा घातला, म्हणजे ती जागच्या जागी राहावी, आणि मशीनवर घेणार तोच दिव्याची वेळ झाली. मी जाकीट खुंटीला टांगलं, दिवा लावला, डोळे मिटून बसले. म्हटलं, अर्ध्या तासाने मारू टीप.

पाचव्या मिनिटाला दार वाजलं. पावलांच्या आवाजावरून ओळखलं, गुंड्या. खुंटीवरून जाकीट काढल्याचा आवाज आला. “ताई, नेतो गं!” म्हणाला आणि धडाधड निघून गेला. मी बोलू शकत नव्हते. हात वर केला, पण तो गेलेल्या दाराकडे.

तिसऱ्या गाण्यात त्याने गिटार डोक्यावर उचलली आणि बाही मुंढ्यापासून सुटून कोपरावर लोंबायला लागली. लोक हसले. पोरगा लाजेने कावराबावरा झाला, त्याने ती ओढून काढली आणि समोर भिरकावली. कोणीतरी नेमका त्याच क्षणी फोटो काढला. डोळ्यांत पाणी, दातओठ खाल्लेले, एक हात उघडा. दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात, महिन्याभरात भिंतींवर. वर्षाच्या आत रस्त्यावर निम्मी पोरं एका बाहीची. दुकानवाले नवीन जाकिटांच्या बाह्या कापून ती जास्त भावाने विकायला लागले. त्याच्या मागून आलेल्या कितीतरी बँडांनी सांगितलं की आम्ही तो फोटो बघून गिटार हातात धरली.

वडिलांनी पेपर वाचला आणि एवढंच विचारलं, “माझा कोट का फाडला त्याने?” त्यांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही. पेपरात छापलेलं खोटं कसं असेल?

गुंड्याने मात्र मला हात जोडले. “ताई, कोणाला बोलू नकोस. पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघतायत.”

मी शब्द दिला. आता त्यानेच मोकळं केलं म्हणून हे लिहिते आहे.

पुढची एकतीस वर्षं त्याची सोंगं मीच शिवली. आधी तो कॅनव्हासचा काळ. मग आरशांचा कोट, दोनशे बारा गोल आरसे, अकरा किलो वजन, तो घालून हा उड्या मारायचा आणि पाठ धरून घरी यायचा. मग दारू फार झाली, उपचार झाले, आणि बाहेर आला तो पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, हळू बोलणारा. लोक म्हणाले, एकबाह्याला शांती लाभली. घरी तो मोजे सापडत नाहीत म्हणून आईवर खेकसत होता. त्यानंतर टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक झाला, तेव्हा राखाडी सूट. प्रत्येक वेळी वाटायचं, आता आम्ही सुटलो. आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या गाण्याला लोक मोजायला लागायचे, “एक... दोन... तीन!” आणि ह्याने उजवी बाही ओढून काढायची. कॅनव्हास असो, आरसे असोत, पांढरं रेशीम असो. बाही हवीच.

म्हणजे मला प्रत्येक कपड्याची एक बाही कच्ची ठेवायला लागायची. शिवणारणीला ह्याचा किती त्रास होतो, हे दुसऱ्या शिवणारणीलाच कळेल. मुंढा सुरेख बसलाय, चुणी कुठे नाही, आणि शेवटची टीप मारायची नाही. एकतीस वर्षं. पानात वाढून घेऊन जेवायला न बसल्यासारखं. वर मॅनेजर दर कार्यक्रमाआधी येऊन बाही ओढून बघणार, “ताई, जरा घट्ट वाटते. मागच्या वेळी त्याला दोनदा ओढायला लागलं.”

मी हळूच म्हणायचे, “सैल करते.” आणि मनात काय म्हणायचे ते देव जाणे.

यंदाच्या वर्षी गुंड्या त्रेपन्नाचा झाला. उजव्या खांद्याचा स्नायू झिजलाय. बाहीला हिसका बसला की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शिवाय वडील गेले गेल्या साली. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, खिडकीशी बसून दर पाच मिनिटांनी “किती वाजले?” विचारायचे. गुंड्या त्यांच्याजवळ बसून वेळ सांगायचा. त्यावर त्याने एक गाणं केलं. संथ, ड्रम नाहीत, नुसती गिटार. कितीतरी वर्षांनी त्याने मनापासून काही केलं होतं, आणि ते कोणाच्या पुढे म्हणायची सोय नव्हती.

मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी तो खोलीत आला. मॅनेजर सोबत होता. ह्या वेळी पुन्हा कॅनव्हासचं जाकीट ठरलं होतं, पहिल्यासारखं हुबेहूब.

“मला तिसरं गाणं बदलायचंय,” गुंड्या म्हणाला. “बाही नाही. स्टूल घेऊन बसणार आणि नवीन गाणं म्हणणार.”

“म्हण ना,” मॅनेजर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला. “बाही काढ आणि मग म्हण.”

“बाही काढल्यावर कोण ऐकतं? दहा मिनिटं नुसती बोंबाबोंब असते.”

“अरे राजा, लोक कशाला येतात?”

“गाणं ऐकायला.”

मॅनेजरने पहिल्यांदा वर पाहिलं. अगदी प्रेमाने म्हणाला, “गाणं घरीच ऐकतात रे. इथे बाहीसाठी येतात.”

तो बाहेर फोनवर बोलायला गेला तसा गुंड्या माझ्या टेबलावर येऊन टेकला. कापलेल्या कापडावरच बसला. तो म्हणाला, “ताई, ह्या वेळी पक्की शिव. दोन टीपा मार. तीन मार. ओढली तरी निघता कामा नये.”

“आणि तो ओढून बघेल त्याचं काय?”

“ते तू बघ. तू देवमाणूस, तुला खोटं बोलायला नको. पण त्याने विचारलंच नाही तर?”

मी दोन जाकिटं शिवली. एकाची बाही नेहमीसारखी कच्ची. दुसऱ्याची उजवी बाही मी मशीनवर घेतली, तेव्हा खरं सांगते, पायाखाली मशीनचा पट्टा फिरला आणि मला हुंदका आला. दुहेरी टीप, वरून पट्टी, पट्टीवर पुन्हा टीप. एकतीस वर्षांचं राहिलेलं काम पुरं झालं. कार्यक्रमाच्या दिवशी मॅनेजर आला, कच्ची बाही ओढून बघितली, “वा, ताई, लोणी!” म्हणाला. दुसऱ्या जाकिटाबद्दल त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. गुंड्याने तेच अंगात घातलं.

कार्यक्रम संध्याकाळचा. स्टेजच्या कडेला पडद्याआड माझं खोकं, इस्त्री आणि दिवा. दिव्यावरून तिथल्या आग विझवणाऱ्या माणसाने कटकट केली. शेवटी म्हणाला, “मावशी, वाळूच्या बादलीत ठेवा आणि मी काही बघितलं नाही.” तर दिवा बादलीत. मी वेळेवर लावला, अर्धा तास डोळे मिटून बसले. इतका गोंगाट होता की देवालाही कान झाकायला लागले असतील. नेम झाला, नमस्कार केला आणि उठून पडद्याच्या फटीशी उभी राहिले. दिवा तेल होतं तोवर जळत राहिला.

दुसरं गाणं संपलं. एक माणूस स्टूल ठेवून गेला. गुंड्या स्टुलाकडे निघाला, हे मी बघितलं. दोन पावलं टाकली असतील. तेवढ्यात ड्रमवाल्याने सवयीने बाहीच्या वेळची ती घुमणारी थाप सुरू केली. त्याला सांगितलं होतं, पण हाताला कोण सांगणार? आणि मैदान मोजायला लागलं, “एक...”

गुंड्या थांबला.

“दोन...”

त्याचा डावा हात उठला. मला वाटलं, थांबा म्हणून लोकांना खूण करेल. हात उजव्या खांद्यावर गेला.

“तीन!”

त्याने बाही ओढली. निघाली नाही. पुन्हा ओढली. वेदनेने त्याचं तोंड वाकडं झालं. तिसऱ्यांदा ओढली. मागच्या बाजूला कोणीतरी हसलं, मग हसू पुढे पसरत आलं. बावीस वर्षांचा असताना झाला होता तसाच त्याचा चेहरा झाला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे शहाण्या, तूच सांगितलंस ना? पंधरा दिवस मॅनेजरच्या नावाने बोटं मोडतोयस आणि ओढणारा हात कोणाचा आहे?

तो पाठमोरा होऊन थेट माझ्याकडे आला. पडद्याआड तोंड घालून म्हणाला, “ताई, काप.”

कात्री माझ्या गळ्यात होती, फितीला बांधलेली.

“काप लवकर! हसतायत सगळे.”

मी त्याच्याकडे बघितलं. मग बोट करून बादलीतला दिवा दाखवला. दिवा जळत होता. मी तोंडातून शब्द काढला नाही, हात कात्रीला लावला नाही.

“आत्ता?” तो जवळजवळ रडकुंडीला आला. “आत्ताच तुझा देव आडवा यायचा होता?”

मी हात जोडले. त्याला की दिव्याला, ते माझं मलाच ठाऊक नाही. तो क्षणभर उभा राहिला, बाहीने घाम पुसला, त्याच बाहीने, आणि परत गेला. स्टुलावर बसला. ड्रमवाल्याला हाताने गप्प केलं. आणि नवीन गाणं म्हटलं. मध्ये शिट्ट्या आल्या, कोणीतरी पाण्याची बाटली फेकली, पण त्याने गाणं शेवटपर्यंत नेलं. शेवटी टाळ्या पडल्या. किती, ते सांगता येणार नाही. फार नाहीत, पण पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरचा फोन. मला वाटलं, आता शिव्या. तर म्हणाला, “ताई, पाया पडतो! कुठून सुचलं तुम्हाला? सगळीकडे तेच चाललंय. ‘न निघालेली बाही.’ एकाने लिहिलंय, बंडखोराने अखेर स्वतःला स्वीकारलं. एकाने लिहिलंय, वय झालेल्या कलावंताचा प्रामाणिक पराभव. मुलं म्हणे बाह्या परत शिवून घेतायत!”

“बरं,” मी म्हणाले.

“पुढच्या दौऱ्याला हेच ठेवायचं. तो तीनदा ओढणार, निघणार नाही, मग स्टूल. फक्त टाका असा घाला की निघतेय निघतेय असं वाटलं पाहिजे. अर्धी कच्ची, अर्धी पक्की. जमेल ना?”

“आणि गाणं?”

“कुठलं गाणं?”

मी आवाज चढवला नाही. फोन ठेवला आणि रिळांची अख्खी फळी काढून पुन्हा रंगवार लावली.

चारच्या सुमाराला गुंड्या आला. जाकीट खांद्यावर टाकलेलं, पेपर काखेत. पेपर टेबलावर आपटला. “चार पेपर, ताई. चार! बाहीवर दीड दीड रकाना. गाण्यावर एक ओळ नाही. एकाने लिहिलंय, ‘त्यानंतर त्याने बसून काहीतरी गायलं.’ काहीतरी!”

“पाणी देऊ?”

“नको. आणि हे सांग. काल अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. स्टेजसमोर एवढाल्या मोठ्या आकड्यांचं घड्याळ होतं, मला दिसत होतं. तू दिवा दाखवलास.”

मी खाली बघितलं. साठ वर्षांची बाई, पण कान गरम झाले.

“खोटं बोललीस.”

“बोलले नाही.”

“बोट खोटं बोललं मग.” तो हसला नाही, पण बाकावर बसला. “कापली असतीस तर मी ओढून फेकली असती आणि संपलं असतं. निदान सवयीचं तरी होतं. आता हे नवीन गळ्यात. तीनदा ओढायचं आणि निघाली नाही म्हणून तोंड वाकडं करायचं.”

“ओढायला तुला कोणी सांगितलं होतं?”

तो टेबलावरच्या खडूने रेघा मारत बसला. मग अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाला, “ते जाऊ दे. गाणं कसं झालं? तू तर दोन हातांच्या अंतरावर उभी होतीस. बाबांना आवडलं असतं?”

माझ्या जिभेवर ‘छान झालं’ आलं होतं. आदल्या दिवशी एक खोटं झालं होतं, दुसरं पचलं नसतं.

“मी नाही ऐकलं, गुंड्या.”

“म्हणजे?”

“तू तीनदा हिसका दिलास ना. मागच्या अंगाने टीप ताणली गेली असं मला वाटलं. पूर्ण गाणंभर मी मुंढाच बघत होते. उसवतेय की टिकतेय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, उठून जाईल. पेपर तरी फाडेल. त्याने जाकीट उचललं, उलटं करून मुंढ्याच्या टिपेवरून अंगठा फिरवला, पुढून मागे, शिवणाऱ्या घरातल्या मुलाला येतं तसं.

“एक टाका नाही सुटला,” तो म्हणाला.

“नाही सुटणार.”

“मशीन बंद कर ते.”

मशीन बंदच होतं, नुसता त्याचा दिवा चालू होता. मी तो घालवला. गिटार नव्हती. त्याने बोटांनी टेबलावर ताल धरला आणि सुरू केलं,

*किती वाजले विचारत बसतो*
*खिडकीपाशी म्हातारा...*

टेबलावरचा माझा फोन उजळला. मॅनेजर. मी तो पालथा घातला. गुंड्याने उजव्या हाताने ताल धरला होता. दर ठेक्याला खांद्यात कळ येत असणार, कारण खांदा जरासा वर चढत होता, आणि दुसऱ्या ओळीपासून माझी नजर तिकडेच जायला लागली, शर्टाच्या मुंढ्यावर. तो शर्ट मी शिवलेलाही नव्हता, दुकानातला होता, टीप वाकडी होती.

मी डोळे मिटून घेतले. दिव्याच्या वेळेला अजून दोन तास होते.